आधी शेजारणीची टोपली

नवापूर,
रविवार, दि. ४ जून २०२३

चि. भावेश यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू सुटलास. एवढं लिहिलं, पेन ठेवलं आणि एकदा अंगणात जाऊन आलो. आता पुढे लिहितो.

हे पत्र नलूआत्याच्या केतनच्या हाती देत आहे. तो आज दुपारच्या गाडीने बडोद्याला निघतो. अटारीहून तुम्हा सगळ्यांना तिथवर आणणार आहेत असं कळलं आहे. तिथून तुला घेऊन तो उद्या बोईसरला येईल. त्याला सांगितलं आहे की आधी पोराला पोटभर जेवू घाल, मग गाडीत जागा मिळाली की पत्र दे. बोईसर येण्याआधी तू हे वाचून संपवावंस, एवढंच माझं मागणं आहे. मध्येच केतनला काही विचारू नकोस. गप्प राहायचं असं मी त्याला बजावलं आहे, आणि ते त्याला किती जड जातं हे तुला ठाऊक आहे.

जेलमध्ये पाठवलेली माझी पत्रं चार ओळींची असायची, तीही हिंदीत. ती तुझ्या आधी चार जण वाचणार, म्हणून हात आखडायचा. ‘हम सब कुशल हैं’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की त्यात काही अर्थ उरला नाही. आज पहिल्यांदा मराठीत लिहितो आहे, तेव्हा थोडं लांबेल.

गावची खबर अशी. मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढून झाल्या. नलूआत्याचा गुडघा पुन्हा धरला आहे, पण बसून भाकऱ्या बडवते आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना कामं सांगते. मार्चमध्ये मी कंपनीतून निवृत्त झालो. शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, घड्याळ पाच मिनिटं पुढे धावतं. तुझी मोटरसायकल केतन चालवतो. त्याने ब्रेक बदलले आहेत आणि आरसा फोडला आहे. मागच्या पडवीवर नवे पत्रे घातले.

आता तुझ्या आईविषयी. तू तिथे असताना तिने काय काय केलं, यातलं तुला फार थोडं कळलं असेल. मला बोलता येत नाही, हे तू लहानपणापासून बघतोस. पण हे सगळं मी शेजारी बसून पाहिलं आहे, तेव्हा मीच लिहिलं पाहिजे.

ओख्याहून बोटीच्या मालकाचा फोन आला, ‘बोट धरली, पोरं कराचीला नेली,’ तेव्हा आई मासे साफ करत होती. तिने हातातला मासा पूर्ण साफ केला, हात धुतले आणि मला म्हणाली, “अवो, चला. कुटं जायचं ते इचारू.”

कुठे जायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. इथे सांगत, बोट गुजरातची आहे, तिकडे विचारा. तिकडे सांगत, पोरगा महाराष्ट्राचा आहे, इकडे विचारा. दोघंही सांगत, जेल दुसऱ्या देशाचं आहे, दिल्लीला विचारा. आपल्या किनाऱ्याला मासळी मिळेना म्हणून तू परक्या बंदरावर खलाशी झालास, कंपनीचा वास तुला नको होता. तेव्हा मला वाटलं, पोरगा फार तर शेजारच्या राज्यात चालला आहे. पण तू धरला गेल्यावर कळलं की माणूस नुसता कामाला गेला तरी कागदावर तो कुणाचाच राहत नाही.

तू भारतीय आहेस की नाही हे तपासायला एक साहेब घरी आले. भला माणूस होता, चहा घेतला. तुझे सगळे कागद मी पुढे ठेवले. ते म्हणाले, “अजून काही पुरावा?”

आई आतून बोलली, “पुरावा मीच हाय. मीच काढलाय त्याला. ह्याच खोलीत.”

साहेबांनी मान खाली घालून सही केली. जाताना मला म्हणाले, तुमच्या मिसेस फार स्पष्ट बोलतात. मी म्हटलं, हो.

मग हिमानी आली. मुंबईच्या विद्यापीठात राजकीय समाजशास्त्र शिकणारी मुलगी. सरकार, पोटासाठी गाव सोडून जाणारी माणसं आणि सीमेच्या दोन्ही बाजूंनी होणारी आंदोलनं, असा तिचा अभ्यासाचा विषय होता. तुझ्यासारख्या खलाशांच्या घरी ती फिरत होती. मला ती मुलगी आवडली. विचारायची कमी आणि ऐकायची जास्त. एकदा मला म्हणाली, “काका, आपण ‘सरकार’ असं एकच नाव घेतो, पण माणसाला ते एक म्हणून कधी भेटतच नाही.”

आई कोलंबी सोलत होती. म्हणाली, “मला तर दर खिडकीला येगळं भेटतं. एक बोलतो उद्या या, दुसरा बोलतो काल का नाय आलात.”

हिमानी इतकी हसली की तिच्या मांडीवरची वही खाली पडली.

तिच्याच ओळखीतून आईला हवाबाई मिळाली. हवाबाई कराचीच्या किनाऱ्यावरची मच्छीवाली. तिचा मुलगा अय्यूब तुझ्याच वयाचा. आपल्या बाजूच्या पाण्यात आला म्हणून इकडे धरलेला आणि कच्छकडच्या जेलमध्ये ठेवलेला. दोघींचा पहिला व्हिडिओ कॉल हिमानीने लावून दिला. मला वाटलं रडारड होईल. दोघी अर्धा तास माशांवर बोलल्या. आईचं हिंदी तुला माहीत आहे, बोईसरच्या कामगारांना मासळी विकून शिकलेलं. हवाबाईचंही तसलंच. आईने विचारलं, “तुमारे उदर बोंबील खाते क्या?”

हवाबाई म्हणाली, “बोंबील? वो तो हम मुर्ग़ियों को डालते हैं।”

आईने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. दोन दिवस ती त्या बाईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने वाळवलेले बोंबील तव्यावर भाजले, चुरले, कांदा-मिरची घातली, तेही सगळं फोनसमोर, आणि म्हणाली, “देख. ये तेरी मुर्गी का नशीब हाय, तेरा नाय.”

तिथून दोघींची गट्टी जमली.

आता सोमवारची गोष्ट. दर सोमवारी पालघरला मोठ्या ऑफिसच्या फाटकासमोर आपल्या बायका बसू लागल्या. आपल्या गावच्या, काही दातिवऱ्याच्या. प्रत्येकीसमोर रिकामी टोपली. आपापल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि सोडवा म्हणायचं. मी कडेला फलक धरून उभा असायचो. पहिल्या सोमवारी आईची पाळी आली तेव्हा ती उठली आणि मोठ्याने म्हणाली, “हवाबायचा अय्यूब. त्याला सोडा.” मग म्हणाली, “माजा भावेश. त्याला आना.”

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. फाटकावरचा हवालदार पुढे आला.

“कोण अय्यूब? तुमचा कोण लागतो?”

“माजा कोनी नाय. शेजारणीचा हाय.”

“मग शेजारीण कुठे आहे?”

“ती नाय इतं. म्हनून तर मी बोलते.”

हवालदार बुचकळ्यात पडला. त्याच्यासोबत दातिवऱ्याची एक महिला पोलीस होती, तिने तोंडाला रुमाल लावला. म्हणाली, “साहेब, ही बाजारातली रीत हाय. शेजारीण उठून गेली आणि गिऱ्हाईक आलं, तर आधी तिच्या टोपलीतलं विकायचं. मग आपलं.”

ही रीत तू आईच्या मागे बाजारात बसून हजार वेळा पाहिली आहेस. चहाला, पाण्याला, पोराला पाजायला बाई उठते. तिची टोपली शेजारणीच्या भरवशावर. आणि शेजारीण आपली मासळी बाजूला सारून आधी तिची विकते, नाहीतर विश्वास तुटतो. आईने ती रीत उचलली आणि समुद्रापलीकडे नेली. हवाबाई पालघरला येऊन बसू शकत नाही आणि मी कराचीला जाऊ शकत नाही, तर तिचं मी बघते, माझं ती बघेल. एवढाच तिचा हिशेब. मी बारावी शिकलो, जन्मभर कंपनीत काम केलं, पण हे मला सुचलं नसतं. हिमानीलाही नसतं सुचलं, हे तिनेच मला सांगितलं.

पण सगळ्यांना ते रुचलं नाही. सगळ्यात जास्त चिडली साखरबाई. तिचा सुजीत तुझ्याच बोटीवरचा. परत येताना पालघर स्टेशनवर ती आईला सगळ्यांसमोर बोलली. “आपली पोरं तिकडं सडतात आणि तू त्यांच्या पोरांची वकिली करतंस? आधी आपलं, मंग दुनियेचं.”

आई म्हणाली, “साखर, तुजा पोरगा तापानं फणफणला तवा तू बाजारातनं पळालीस. तुजी कोलंबी कोनी इकली?”

“ती गोष्ट येगळी.”

“येगळी कशी? तवा मी बोलले असते, आधी माजं?”

साखरबाई पुढचे दोन सोमवार आली नाही.

बाजारातही कुजबुज झाली. काही नेहमीची गिऱ्हाइकं आईकडे यायची थांबली. बर्फवाला दादू मोठ्याने म्हणाला, “काय प्रेमलाताय, आज पापलेट कराचीचं का?” आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, “नाय रे बाबा, पापलेट इतलंच. बर्फ तेवडा तुजा, म्हनून वास मारतो.” बाजार हसला. पण त्या दिवसांत तिची मासळी उरायची, आणि घरी आणून ती गुपचूप मीठ लावायची. एकदा मी म्हटलं, नावांचा क्रम बदललास तर काय बिघडतं? म्हणाली, “मंग ती पन बदलंल.”

हवाबाईने बदलला नाही. एके दिवशी तिकडून व्हिडिओ आला. त्यांच्या शहरात पत्रकारांच्या इमारतीसमोर दहा-पंधरा बायका बसलेल्या, भर उन्हात. मधली, हिरव्या ओढणीतली, हवाबाई. तिच्या हातात पुठ्ठा. हिमानी म्हणाली, त्यावर तुझं नाव आहे. आईने फोन जवळ धरून ती उजवीकडून सुरू होणारी अक्षरं बोटाने गिरवली. मग आवाज आला, “भावेस नामदेव को छोड़ो!” त्यांना तुझं नाव नीट म्हणता येत नव्हतं. त्यानंतर तिने अय्यूबचं नाव घेतलं. आईने तो व्हिडिओ साखरबाईच्या घरी नेऊन दाखवला. नुसता दाखवला. पुढच्या सोमवारी साखरबाई टोपली घेऊन आली, आईच्या शेजारी बसली आणि उठल्यावर पहिलं नाव अय्यूबचं घेतलं. चिडूनच घेतलं, पण घेतलं.

भावेश, मी तुझ्या आईसोबत एवढी वर्षं राहिलो. ती कामाची, तोंडाची तिखट, प्रेमळ, हे मला माहीत होतं. पण ती एवढी मोठी आहे हे मला पालघरच्या फाटकासमोर फलक धरून उभा असताना कळलं. हे तिला सांगायला हवं, असं मी बरेचदा ठरवलं. आपल्या घरात असं कुणी कुणाला सांगत नाही.

इथवर वाचून तुला प्रश्न पडला असेल. उद्या बोईसरला उतरशील तेव्हा फलाटावर खूप बायका असतील. भाकरतुकडा ओवाळायला नलूआत्या पुढे येईल. तू तिच्या मागे बघशील, आणि मला ते बघवणार नाही. म्हणून हे पत्र.

तुझी आई माघात गेली.

सकाळी ती किनाऱ्यावर वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. शेजारी साखरबाई होती. आई तिला म्हणाली, “साखर, जरा माजी टोपली बघ गं,” आणि वाळूत बसली. साखरबाईने रीतीप्रमाणे आपलं काम टाकलं आणि आधी आईच्या टोपलीतले बोंबील एकेक करून बांबूवर घातले. टोपली रिकामी झाल्यावर तिने वळून पाहिलं. तोवर सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. त्या क्षणी धावून काही झालं असतं का, असं मी विचारलं, तर नाही म्हणाले. मी ते साखरबाईला सांगितलं. तिला पटत नाही. “मी टोपली बघितली, बाईला नाय बघितलं,” असं ती अजून म्हणते. तू तिला हे कधी म्हणू देऊ नकोस. आईने बघायला सांगितलं होतं ते टोपलीच, आणि साखरबाईने नीट बघितली.

अग्नी केतनने दिला. तुझ्या नावाने मी हात जोडले. त्यानंतर तुला दोन पत्रं पाठवली, त्यांच्याखालीही ‘आई-बाबा’ असंच लिहिलं. चार भिंतींच्या आत, परक्या जागी, ज्याला धरून रडावं असं घरचं माणूस नसताना तुला हे कळू नये असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. चूक वाटलं तर माझ्यावर राग धर.

हवाबाईला मी फोन केला. तिच्याशी मी त्याआधी कधी दोन शब्दही बोललो नव्हतो. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “भाई, आज हमारा बैठने का दिन नहीं है। पर मैं जाके बैठती हूँ।” आणि ती एकटी जाऊन बसली. तुझं नाव आधी.

आईच्या तेराव्यानंतर पहिला सोमवार आला. मला वाटलं, आता हे थांबेल. मी फलक काढलासुद्धा नव्हता. साखरबाई दारात आली, तिच्या हातात दोन टोपल्या होत्या. एक आईची. “चला भाऊजी,” म्हणाली. फाटकासमोर तिने आईची टोपली आपल्या शेजारी मांडली, उठली आणि नावं घेतली. आधी अय्यूब, मग भावेश, मग सुजीत. आपल्या पोराचं नाव तिसरं. तेव्हापासून दर सोमवारी असंच.

आता सुटणाऱ्यांची यादी आली. तू त्यात आहेस आणि सुजीत नाही, हे तू त्याला मागे ठेवून निघालास तेव्हाच तुला कळलं असेल. इकडच्या यादीत अय्यूबही नाही. यादी कोण करतं, कशी करतं, ते हिमानीलाही अजून नीट सांगता येत नाही. यादी कळली त्या संध्याकाळी साखरबाई आपल्या घरी आली. मी उठून उभा राहिलो. ती म्हणाली, “बसा. शेजारणीची टोपली खपली, म्हंजे बाजार चालू हाय.” मग तिने पदर तोंडाला लावला. उद्या फलाटावर ती नारळ घेऊन येणार आहे. नलूआत्याने ओवाळलं की आधी साखरबाईच्या पाया पड. माझ्याकडे नंतर ये.

आणखी एक. जेलमधून तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा दाराशी गर्दी होती, त्यात हिरव्या ओढणीतली एक बाई होती. तिने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि एक पुडी दिली. तिनेच मला फोनवर सांगितलं. तू तिला शुक्रिया म्हणालास. “मैंने उसको नहीं बताया भाई,” म्हणाली. “वो आपका हक़ है।” तीच हवाबाई. पुडी अजून तुझ्याजवळ असेल तर उघडून बघ. सुके बोंबील असतील. कोंबड्यांना टाकायची वस्तू तिने कुठून निवडून आणली आणि पुडी बांधली, ते तीच जाणे. ते टाकू नकोस. घरी आणलेस की मी तव्यावर भाजेन. आईसारखे होणार नाहीत.

घरात तिची खोली आहे तशीच आहे. तू ये, न्हा, झोप. कुणी काही विचारणार नाही. रडायचं तर रड, मीही अजून नीट रडलेलो नाही, तुझी वाट बघत होतो. उद्याचा सोमवार तुझा. पण पुढच्या सोमवारी, अंगात ताकद आली असेल तर, माझ्यासोबत पालघरला चल. आईची टोपली तू मांड. मला मोठ्याने बोलता येत नाही, नावं तू घे. आधी अय्यूब. मग सुजीत. तिसरं नाव घ्यायची आता गरज उरली नाही.

फलाटावर मी पुलाच्या जिन्याजवळ उभा असेन.

तुझे,
बाबा